हाऊ पेटीना भाऊ शे का?

मे महिन्यात अमळनेरला संध्याकाळी साडेसहाच्या आत कोणी पेटी शिकायला येत नाही. पत्रे तापलेले असतात, पंखा गरम वारा खाली ढकलतो. अशाच एका संध्याकाळी पोरांना अलंकार घोटायला न बसवता मी स्पीकरवर एक रचना लावली. सोफिया गुबायदुलिना या रशियन बाईंची, १९८२ सालची, ‘सात शब्द’. एक चेलो (उभं धरून गजाने वाजवायचं मोठं व्हायोलिन), एक बायान आणि मागे तंतुवाद्यांचा ताफा. बायान म्हणजे रशियातला बटणांचा अकॉर्डियन. बायानने भाता थरथरवत सूर धरला आणि चेलो त्या सुराला खेटून, घासून, किंचित वर किंचित खाली सरकू लागला. मागच्या रांगेतला धरणगावचा मुलगा म्हणाला, “सर, हाऊ पेटीना भाऊ शे का?” शेजारचा लगेच म्हणाला, “भाऊ शे, पन रडी ऱ्हायना.”

मला जे सांगायला तास लागला असता ते या दोघांनी दोन वाक्यांत उरकलं. नातंही ओळखलं आणि रडणंही. मग आपल्याकडे, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या संगीताच्या जगात, या भावाला दारात का उभं करत नाहीत? माझं म्हणणं असं की आपण त्याला वाद्य म्हणून नाकारलेलं नाही. आपण त्याला चुकीच्या रकान्यात टाकलेलं आहे, आणि रकाना ही सार्वजनिक गोष्ट आहे. ती माणसांनी ठरवलेली असते आणि माणसांना बदलता येते.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत संगीताचे प्रकार वेगवेगळे असतात. भारतीय शास्त्रीय वादन वेगळं, पाश्चात्य वादन वेगळं, लोकसंगीताचा वाद्यवृंद वेगळा. पेटी वाजवणारा मुलगा बिनदिक्कत पहिल्या रांगेत जाऊन उभा राहतो. व्हायोलिनवाला कुठंही जाऊ शकतो, राग वाजवला की इकडे, दुसरं काही वाजवलं की तिकडे. अकॉर्डियनवाला मात्र गळ्यात वाद्य दिसताक्षणी ‘पाश्चात्य’ ठरतो. आता गंमत बघा. अकॉर्डियनचं पेटंट १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियनने घेतलं. हार्मोनियम त्याच्यानंतरचं, १८४०च्या दशकातलं, पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँचं. १८७५च्या सुमाराला कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून तो मागे हाताशी आणला, म्हणून मांडी घालून बसणाऱ्या माणसाला ती वाजवता आली. दोन्ही वाद्यांच्या पोटात तेच आहे: धातूच्या चौकटीत एका टोकाला पक्की केलेली धातूची जीभ आणि तिला हलवणारी हवा. एका भावाला आपण देव्हाऱ्याशेजारी बसवलं, दुसऱ्याला वरातीपुढे चालवलं. रक्तात फरक नाही, पत्त्यात आहे.

आणि ज्याला आज आपण ‘आपली’ पेटी म्हणतो तिला तरी कोणी सुखाने आत घेतलं होतं? १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. लायनेल फील्डन हे साहेब तेव्हा नभोवाणीचे मुख्य होते. दिल्ली केंद्रावरच्या जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला विरोध होता. १९७१ मध्ये ती बंदी अंशतः उठली. म्हणजे तीसेक वर्षं देशभरच्या गवयांनी घरी, देवळात, रंगमंचावर पेटी घ्यायची आणि माइकसमोर बसलं की ती बाहेर ठेवायची. आमच्या जळगाव केंद्राचा जन्म या सगळ्यानंतरचा, त्यामुळे खान्देशातल्या वादकांना ही अवहेलना ऐकूनच माहीत.

बंदी घालणारे मूर्ख नव्हते, हे मी पेटीवाला असूनही सांगतो. त्यांचा मुद्दा खरा होता. पेटी समान अंतराच्या बारा सुरांत लावलेली असते. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ चौदा भागांनी चढा असतो. ज्याचा कान तयार आहे त्याला तो टोचतो. शिवाय पेटीला मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर ती घसरत जाऊ शकत नाही, उडीच मारते. याच्यावर उपाय शोधणारेही झाले. शंभर वर्षांपूर्वी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुती-हार्मोनियम करून पाहिली, आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची केली. खटाटोप मोठा, आदर आहे. पण या सगळ्या खटाटोपामागे एक गृहीत आहे: पेटी न वाकणं हा तिचा दोष आहे आणि तो झाकला पाहिजे.

हे गृहीतच मला मान्य नाही.

पेटीची साथ करताना आम्ही काय करतो ते सांगतो. गवई मींड घेतो तेव्हा आम्ही मधले सूर झरझर चाटून जातो, म्हणजे ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटत नाही. कोमल ऋषभ फार खाली लागला की पट्टी दाबायचीच नाही, भाता अलगद सोडायचा. ही कला आहे, आणि अप्पा जळगावकरांसारख्यांनी ती कुठल्या कुठे नेली. (नावामुळे आमच्याकडे अजूनही त्यांना जळगावचे समजतात. ते जालन्याकडचे. पण तो हट्ट सोडायला कोणी तयार नाही.) तरी ही कला लपवण्याची आहे. गळा पुढे, पेटी त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागे, आणि दोघांच्या सुरांत जो फरक आहे तो ऐकू येऊ नये हीच पेटीवाल्याची हुशारी.

गुबायदुलिनांनी नेमकं उलट केलं. जीभ वाकत नाही आणि तार वाकते, तर मग वाकू द्या, आणि दोघांना एकमेकांशेजारी उभं करून तो फरक सगळ्यांना ऐकू द्या. चेलोची तार बोटाखालून निसटते, बायानचा सूर भिंतीसारखा उभा राहतो आणि त्या दोघांच्या मध्ये जे किरकिरतं तेच त्यांचं संगीत आहे. ख्रिस्ताने क्रुसावर काढलेले सात उद्गार हा विषय, त्यामुळे किरकिरण्याला अर्थही येतो. शेवटी चेलोचा गज, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पलीकडे जातो, जिथं सूर नावाची गोष्टच संपते. बायानवर एक बटण असं असतं की ते दाबून भाता ओढला तर सूर न लागता फक्त हवा येते. १९७८च्या एकट्या बायानसाठी लिहिलेल्या ‘दे प्रोफुंदिस’ या रचनेत त्यांनी त्या हवेलाच सूर मानलं आहे. आमच्या वर्गात भात्यातून नुसता वारा सुटला की पोरं हसतात. तो वारा कोणी स्वरलिपीत लिहून ठेवेल असं मला पन्नाशीपर्यंत सुचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आमच्या मुद्द्याची आहे. बायान हे रशियातलं खेड्याचं, लग्नाचं, दारूच्या बैठकीचं वाद्य. मॉस्कोच्या संगीतसभांत त्याला मान नव्हता. गुबायदुलिना बाईंचे वडील तातार, आई रशियन, आजोबा मुल्ला. १९७९ साली सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात ज्या सात जणांना जाहीर बोल लावले गेले त्यांत त्या होत्या. फ्रीड्रिख लिप्स या वादकाला हाताशी धरून त्यांनी बायानला चेलोच्या बरोबरीने बसवलं. २०२५च्या मार्चमध्ये त्या गेल्या, तोवर जगभरचे वादक ते संगीत वाजवत होते. म्हणजे खालच्या पायरीवरचं वाद्य वर आलं ते सरकारी कृपेने नव्हे, वादक आणि संगीतकार यांच्या संगनमताने.

अशी उदाहरणं एकच नाही. अर्जेंटिनाच्या आस्तोर पियाझोलांनी बँडोनियन हे जर्मनीतून स्थलांतरितांबरोबर आलेलं आणि ब्वेनोस आयरेसच्या गुत्त्यांत रुळलेलं भात्याचं वाद्य घेतलं आणि १९८९ मध्ये क्रोनोस क्वार्टेटच्या चार तंतुवाद्यांबरोबर पाच तुकड्यांची रचना वाजवली. जपानच्या तोशियो होसोकावांनी चेलो, अकॉर्डियन आणि तंतुवाद्यं एकत्र आणली, कारण त्यांना अकॉर्डियनमध्ये आपल्याकडच्या ‘शो’ या बांबूच्या नळ्यांच्या जुन्या वाद्याचा श्वास ऐकू आला. शो हेही जिभेचंच वाद्य. म्हणजे जपानी माणसाने अकॉर्डियन परकं म्हणून घेतलं नाही, लांबचा नातेवाईक म्हणून घेतलं. डेन्मार्कमध्ये मोगेन्स एलेगार्ड यांनी १९७०पासून कोपनहेगनच्या संगीत अकादमीत हे वाद्य शिकवलं. त्याआधी एक तांत्रिक अडचणही सुटावी लागली. साध्या १२० बास अकॉर्डियनच्या डाव्या हाताला बहुतेक बटणं तयार स्वरगुच्छाची असतात, एक दाबलं की तीन सूर. लग्नाच्या वरातीला ते सोयीचं, पण दोन स्वतंत्र ओळी वाजवायच्या तर अडचण. म्हणून डाव्या हातालाही एकेक सूर देणारी रचना आली, आणि संगीतकारांना त्या वाद्यासाठी लिहावंसं वाटू लागलं.

हे ऐकवलं की आमच्याकडचे जाणते रसिक म्हणतात, “ते त्यांचं. आपल्याला जीभ आणि तारेचं हे भांडण परकं.” खरंच? गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचासमोर कोण बसायचं? ऑर्गनवर (तोही जिभांचाच) हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान तिरखवाँ. एका बाजूला न वाकणारी जीभ, दुसऱ्या बाजूला वाकण्याखेरीज काही न जाणणारी तार, आणि मध्ये बालगंधर्वांचा गळा. ते बालगंधर्व लहानपणी जळगावात राहिले, मेहबूबखाँकडे शिकले. आज जळगावला त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. ज्या आवाजाच्या नावाने आपण मांडव घालतो त्या आवाजाच्या दोन्ही कडांना ऑर्गन आणि सारंगी होती. पुढे सारंगी मागे पडली. पेटी स्वस्त, लवकर हाताला येणारी, दर कार्यक्रमाआधी तासभर तारा जुळवायला न लावणारी. सारंगीवाल्यांना तवायफांच्या कोठ्याशी जोडून हिणवलं गेलं, हेही कारण होतंच, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. म्हणजे भांडण नव्हतं असं नाही. एक भांडणारा निघून गेला.

खान्देशात तर रंगमंचाच्या बाहेरही हे सगळं आहे. साक्री-नवापूरच्या डोंगराळ भागात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाला पावरी वाजते. भोपळ्यातून श्वास फिरतो आणि नळीतली जीभ घुमते. कोकणा कथेकऱ्यांची थाळी तर अजब आहे: काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी करायची आणि ती बोटांनी ओढत राहायचं. एकच सूर तासन् तास, त्याच्यावर कथा. पहाटे दारात येणाऱ्या नाथजोग्याची किंगरी ही तार आणि गज. सिनेमाचं म्हणाल तर भुसावळच्या आणि धुळ्याच्या टॉकीजमध्ये आपल्या आईवडिलांनी डझनावारी व्हायोलिनं आणि अकॉर्डियन एकत्र ऐकलेच. ‘रूप तेरा मस्ताना’मधला केरसी लॉर्ड यांचा अकॉर्डियन कोणाला आठवत नाही? फक्त तिथे तो गाण्याचा मसाला होता, जेवण नव्हता.

आमच्या मामाच्या गावात एक बँडवाले आबा होते. त्यांच्याकडे निळा अकॉर्डियन होता, एका कोपऱ्यात भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. वरातीत ते पेट्रोमॅक्सच्या उजेडात पुढे चालायचे. नंतर बँडच्या गाडीवर कीबोर्ड चढला, मग गाडीच्या जागी डीजेच्या भिंती आल्या आणि अकॉर्डियन खाटेखाली गेला. खान्देशात असे किती अकॉर्डियन खाटेखाली आहेत कोण जाणे. मला तीन माहीत आहेत. तिन्ही गावांत व्हायोलिन शिकणारं किमान एक पोर आहे. त्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

आता आक्षेप. पहिला आणि खरा आक्षेप उन्हाचा आहे, आणि तो कोणी संगीतज्ञ काढत नाही, मिस्त्रीच काढतात. आपल्या पेटीत सूर, म्हणजे चौकटीसकट त्या जिभा, स्क्रूने बसवलेले असतात. अकॉर्डियनमध्ये ते बहुधा मेण आणि राळेच्या मिश्रणाने चिकटवतात. भुसावळचा मे आणि बंद गाडीची डिकी हे दोन एकत्र आले की ते मेण मऊ पडतं, सूर जागचा हलतो, हवा गळते. आबांचा अकॉर्डियन असाच एकदा मुका झाला होता. उपाय आहे: वाद्य दुपारी बाहेर काढायचं नाही, माठाच्या खोलीत ठेवायचं, आणि पेटी जुळवणाऱ्या आपल्या मिस्त्रींनी हे मेणाचं काम शिकायचं. जो माणूस गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर कानसून खर्ज-नर (जाड आणि मधले सूर) मिळवतो त्याला ते अवघड नाही. फक्त त्याच्याकडे कोणी वाद्य नेत नाही, म्हणून तो शिकत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे फ्यूजन झालं. फ्यूजनचा मलाही कंटाळा आहे. तबल्याच्या मागे ड्रम आणि यमनच्या मागे गिटारचे स्वरगुच्छ लावले म्हणजे दोन संस्कृती भेटल्या असं मानणाऱ्यांच्या कार्यक्रमातून मी मध्यांतराला उठून आलो आहे. मी मागतोय ते वेगळं आहे. अकॉर्डियनवर यमन वाजवून तो पेटीइतकाच गोड वाजतो हे दाखवायचं नाही. भात्याचा सूर आणि गजाची तार यांच्यासाठी नवं लिहायचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कोणी तरी बसून, खोडून, पुन्हा लिहून. पावरीचा श्वास त्यात येऊ शकतो, थाळीचा एकसुरीपणा येऊ शकतो, काहीच नाही आलं तरी चालेल. वाईट होईल? बरंचसं होईल. युरोपातलं समकालीन संगीतही बरंचसं मला लाकडी कपाट ओढल्यासारखं वाटतं. उरलेल्या थोडक्यासाठी आपण ऐकतो. ख्यालाचं तरी दुसरं काय आहे?

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो करणारा माणूस नेहमी कापसाचा भाव काढतो. “शेतकऱ्याच्या घरात दिवा नाही आणि तुम्हाला अकॉर्डियन पाहिजे.” या वाक्यापुढे मान खाली जाते, म्हणूनच ते वापरतात. पण हाच माणूस गणपतीत डीजेची वर्गणी मागायला येतो तेव्हा कापूस काढत नाही. मी नवीन पैसा मागतच नाही. सार्वजनिक पैशावर आणि देणग्यांवर चालणारे महोत्सव आपल्याकडे आहेत. त्यातल्या एका संध्याकाळी पाहुण्या सूत्रसंचालकाला जे मानधन मिळतं तेवढ्यात एका तरुणाला वर्षभरात पंधरा मिनिटांची रचना लिहायला सांगता येईल. पालिकांची नाट्यगृहं लग्नाच्या हंगामाबाहेर कितीतरी दुपारी कुलूपबंद असतात. त्यात दोन पोरांना सरावाला खोली देणं हा खर्च नाही, किल्ली आहे.

खरी अडचण मला शिक्षणाची वाटते. माझे विद्यार्थी ज्या परीक्षा देतात त्या सगळ्या एकट्याच्या. एक मूल, एक वाद्य, समोर परीक्षक, बाजूला तबला. दहा वर्षं शिकलेल्या पोराने दुसऱ्या वाद्याचं ऐकून आपला सूर धरायची वेळ परीक्षेत येत नाही. रागाचं चलन त्याला येतं, शेजारच्याचं चलन येत नाही. चार तंतुवाद्यं आणि एक अकॉर्डियन एकत्र बसवून वाजवायचं तर गुरुच्या तोंडाकडे बघून चालत नाही, एकमेकांच्या गजाकडे आणि भात्याकडे बघावं लागतं, कारण सम कोणी मोजून दाखवत नसतो. हे आपल्या पद्धतीला धोका आहे असं काहींना वाटतं. असेल. व्हायोलिन दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी घेतलं तेव्हाही कोणी तरी हेच म्हणालं असणार, आणि आज व्हायोलिनविना कर्नाटक संगीताची मैफल कोणाला सुचत नाही.

म्हणून मागणी छोटीच आहे. युवक महोत्सवांच्या अर्जावर वाद्याच्या जन्मगावावरून रकाने ठरवू नयेत, काय वाजवणार यावरून ठरवावेत. एक रकाना दोन किंवा अधिक वादकांच्या नव्या रचनेसाठी असावा. आणि जिल्ह्यातल्या मोठ्या महोत्सवांनी वर्षातून एकदा अर्धा तास अशा रचनेला द्यावा, मुख्य गवयाच्या आधी, प्रेक्षक चहाला उठायच्या आत.

मी हे एका आयोजकांना बोललो. सज्जन माणूस, गाण्याचं वेड आहे. ते म्हणाले, “सर, अर्धा तास नाही जमणार. पाहुणे यायला उशीर होतोच, तेव्हा पाच मिनिटं देतो. लोकांना वाटेल साउंड चेक चाललाय.”

ती पाच मिनिटं आम्ही घेतली आहेत. आबांच्या मुलाने खाटेखालून निळा अकॉर्डियन काढून दिला. धरणगावचा पोरगा रोज तासभर तो गळ्यात घेऊन बसतो आणि खांदे दुखतात म्हणून कुरकुरतो. पारोळ्याची एक मुलगी व्हायोलिन वाजवते. अकॉर्डियनची मधल्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, भाता ओढताना लागत नाही, नुसती हवा येते, ढकलताना लागते. मिस्त्री म्हणाले, मेण गेलंय, पावसाळ्यात बघू. मुलीने विचारलं, “मंग त्या जागी काय करानं?” पोरगा म्हणाला, “तठे तू ये.” आता ती जागा आली की तो भाता ओढतो, हवा सुटते आणि त्या हवेत व्हायोलिनची काळी दोन येते, सुरुवातीला किंचित खाली, मग चढत चढत जागेवर.